पाणी कुणाच्या नावाचं

इथे आखातात, करामा नावाच्या वस्तीत आमचं फराळाचं दुकान आहे. त्याच्या दाराशी सासूबाईंनी पाण्याचा माठ ठेवला होता, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. वर ताटली, ताटलीवर लांब दांड्याचं ओगराळं. सासरे इथल्याच हॉस्पिटलात वारले. किडन्या निकामी झालेल्या, त्यामुळे पाणी मोजूनमापून. "घोटभर दे गं," म्हणायचे, आणि सासूबाई ओला कापूस ओठांना लावायच्या. पुढे रस्त्यावरचा तहानलेला माणूस प्यायला की ते पाणी त्यांना पोचतं, असं सासूबाईंनी ठरवूनच टाकलं. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. पण डिलिव्हरीवाले हेल्मेट काढून ओंजळीने प्यायचे, तेव्हा शेवेची पुडी बांधता बांधता मीही बघत राहायचे.

मग नियम कडक झाले. रस्त्यावर लोकांना पाणी पाजायचं तर परवानगी हवी, बंद टाकीचा कूलर हवा, फिल्टर हवा. उघड्या माठातलं पाणी कुणाला बाधलं तर काय, हे मलाही कळत होतं. नियम बरोबर असला की जास्तच चडफड होते.

तपासणीला आलेला माणूस सभ्य होता. "अम्मा, ये पानी किसका है?"

सासूबाईंनी उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही. म्हणाल्या, "हमारे इनका."

"वो कहाँ हैं?"

"वो गए."

"कब तक आएँगे?"

सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मला हसू फुटलं, ते दाबलं. "सर, ही इज नो मोर," मी म्हटलं. तो ओशाळला. म्हणाला, कूलर लावा, परमिशन मिळेल, इन्शाल्ला. फक्त जिवंत माणसाच्या नावाने मागा. उद्या काही झालं तर जबाबदार कोणीतरी हवं.

तो गेल्यावर मी म्हटलं, "आई, माझं नाव देते. कूलर आजच आणू."

"तुझ्या नावाचं पाणी त्यांना कसं मिळेल गं?"

मी खूप समजावलं. नाव फक्त कागदावर, पाणी तेच. शेवटी चिडून बोललेसुद्धा, की वर काय परमिट तपासतात का? त्यांनी माठ कलता करून फूटपाथवरच्या झाडाच्या बुंध्याशी रिकामा केला आणि आत नेऊन पालथा घातला. डिलिव्हरीवाले अजून सवयीने दाराशी थबकतात आणि पुढे जातात.

सासूबाई आता जेवताना पाणी घेत नाहीत. मी त्यांच्या ताटाशी तांब्याभांडं ठेवते आणि तसंच भरलेलं उचलते. काल राहवेना. म्हटलं, "आई, घोटभर तरी घ्या."

"ते असंच म्हणायचे," त्या म्हणाल्या. "तेव्हा मी कुठे दिलं?"