उरलेली पाच मिनिटं

सुरतेत, उधन्याला एका खानदेशी माणसाचं कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं. आधी तो लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात मिस्त्री होता, त्यामुळे गाणंही लूमसारखंच ऐकायचा, डोळे मिटून, बिघाड शोधत. गायकांना तो फुकटे समजायचा.

एकदा मी त्याच्याकडे एका विलायती रॉक बँडचा अल्बम भरायला दिला; हा बँड म्हातारपणी गिटारी टाकून सिंथेसायझरच्या नादी लागला होता. दोन गाणी ऐकून तो म्हणाला, "हाऊ माणूस नही, भाऊ. ढोल मशीन वाजवतंय. इतका वेळ न चुकायला ढोलवाला काय देव आहे?"

मग त्यानं कव्हरवरच्या फोटोत ढोलवाला शोधून काढला. बिचारा कडेला, खिशात हात घालून उभा होता.

"नवे लूम आले तेव्हा मीबी असाच उभा होतो," तो म्हणाला आणि त्यानं चहा सांगितला.

संध्याकाळी कॅसेट घरी लावली. अल्बम संपल्यावर टेपवर उरलेल्या पाच मिनिटांत त्यानं स्वतः काउंटरवर बोटांनी ठेका वाजवून भरला होता. चौथ्या मिनिटाला तो चुकला, त्यानं स्वतःलाच एक शिवी हासडली आणि पुढे वाजवत राहिला. तेवढं त्यानं पुसलं नव्हतं.