चिकट थराचे वैरी

आमच्या धाकट्या भाऊजींनी चिकट थराचा जेवढा द्वेष केला, तेवढा आख्ख्या शिनोलीत कुणी आपल्या भावकीचाही केला नसेल. माठात आतून बोट फिरवलं की बुळबुळीत लागतं ना, तो थर. माझे हे दीर पुण्याला एका प्रयोगशाळेत शिपाई होते. काम काचेची भांडी धुण्याचं, पण शनिवारी एसटीतून उतरले की पारावर "आमचं संशोधन" सुरू. तिथल्या मॅडम, आजाऱ्याला लघवीसाठी बसवतात त्या नळीच्या तुकड्यांवर मुद्दाम जंतू वाढवायच्या आणि मग उजेडाने मारायच्या. मारायचेच तर वाढवायचे कशाला, हे विचारायची माझी छाती नव्हती. मी उलट बोलत नाही म्हणून सगळं व्याख्यान माझ्याच वाट्याला यायचं, भाकरी थापत असताना. "वहिनी, जंतू एकटा असला का औषधाला भितो. पण नळीला चिकटून थर केला, का आत मजेत बसतो. औषध वरच्या वर जातं. मॅडमची निळी दवा त्या थरात मुरती. मंग तांबडा उजेड पाडला का दवा जागी व्हती, अन् आतल्या आत जंतू खलास!" माझी शाळा चौथीपर्यंत, तरी मला समजलं. म्हणजे भाऊजी फार चांगलं शिकवत असणार, किंवा मॅडमनी त्यांना तेवढंच सांगितलं असणार.

भाऊजी हात धुवायचे ते कोपरापर्यंत, साबणाची वडी रडेपर्यंत. धुतले की पुसायचे नाहीत. टॉवेलात जंतू असतात म्हणून दोन्ही हात वर धरून वाळेपर्यंत अंगणात उभे राहायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला कळत नसे, हे आशीर्वाद देतायत की शरण आलेत. मी नवी असल्यापासून दर शनिवारी टॉवेल पुढे करायची आणि "नको वहिनी" ऐकून परत न्यायची. कळंबला मुलगी बघायला गेले, तर मुलगी बाहेर यायच्या आत यांनी माठात बोट फिरवून ते तिच्या वडिलांच्या नाकापुढे धरलं. "पावणं, ह्यो थर बघा." पावण्यांनी थर बघितला आणि भाऊजींना दार दाखवलं. पुढे त्यांचं लग्न झालंच नाही. थराने तेवढा सूड उगवला.

त्यांच्या व्याख्यानांचा खरा परिणाम झाला तो सासूबाईंवर. निळं आणि उजेड एवढंच त्यांच्या ध्यानात राहिलं. त्यांनी दातांची कवळी कपड्यांच्या निळीत बुडवली आणि माळवदावर कुरडयांच्या शेजारी उन्हात वाळत घातली. चैत्रातल्या हळदीकुंकवाला त्या हसल्या, तेव्हा बायकांच्या हातातली कैरीची डाळ हातातच राहिली.

"आये, नीळ येगळी अन् ती दवा येगळी!" भाऊजी कपाळ बडवत होते.

"निळी हाय का न्हाई? उजेडात ठिवली का न्हाई? मंग?"



हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, लघवी अडली म्हणून नळी बसवावी लागली. हृदय नाजूक, त्यामुळे ऑपरेशन नको, नळी कायमची. मग थंडी वाजून ताप सुरू झाला. मंचरचे डॉक्टर नळी बदलायचे, औषध द्यायचे, चार दिवस बरे जायचे, पुन्हा थर, पुन्हा ताप. "असाच ताप येत राहिला तर हृदय झेपायचं नाही," असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. भाऊजींचा आयुष्यभराचा वैरी घरातच येऊन बसला होता.

"लेका, तुझी ती बत्ती आण की," नाना म्हणाले.

"नाना, ती अजून माणसावर न्हाई चालत. काचंच्या बशीतच चालती."

"मंग मला बशीत बसव."

भाऊजी त्या दिवशी जेवले नाहीत. पुढच्या खेपेला नळी बदलली तेव्हा जुनी नळी त्यांनी स्टीलच्या डब्यात घालून पुण्याला नेली. दुसऱ्या डब्यात मी पिठलं-भाकरी दिली होती. दोन्ही डबे सारखे, दोन्हींवर सासूबाईंचं नाव कोरलेलं. कुठला उघडायचा याची खात्री नसल्याने संशोधक पुण्यापर्यंत उपाशी गेले. आठ दिवसांनी धावतच घरात शिरले. "नाना, उजेड चालला! तुमच्या नळीवरचं लई जंतू मेलं!"

नाना तापाने फणफणले होते. "बरं झालं," म्हणाले, "आता मी तेवढा ऱ्हायलो."

भाऊजी खाली बसले. मग उठून थेट माझ्याकडे आले. नानांच्या नळीला लावलेली लघवीची पिशवी हे, म्हणजे माझे यजमान, रिकामी करायचे, शेतातून आले की मातीच्या हातांनीच. मी तर सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी, नळीला हात लावणार कशी?

"वहिनी, लाजाया पुढं जल्म पडलाय. नाना न्हाई पुरायचं तवर."

त्यांनी मला कोपरापर्यंत हात धुवायला शिकवलं. पिशवी कमरेच्या खालीच टांगायची, जमिनीला टेकू द्यायची नाही, नळीला पीळ पडू द्यायचा नाही. पहिल्या दिवशी मी डोळे मिटून घेतले, तर नानांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि म्हणाले, "पोरी, मी बी मिटल्यात." शनिवार-रविवार भाऊजी, एरवी मी. हळूहळू दोन तापांमधलं अंतर वाढत गेलं. नाना पारावर सांगायचे, "माझी नळी पुण्याला शिकून आलीया." आणखी दोन हिवाळे त्यांनी पाहिले, आणि एका दुपारी ताप नसताना, झोपेतच गेले.

मॅडमचा दिवा तोवर बशीतून बाहेर आला नव्हता.

नानांचे दिवस झाले आणि पुढच्या शनिवारी भाऊजी नेहमीसारखे एसटीने आले. चपला काढल्या, मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, हात वर धरून नानांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. खाट आम्ही उभी करून ठेवली होती. कोपरांवरून पाणी ठिबकत राहिलं.

मी सवयीने टॉवेल पुढे केला.

भाऊजींनी तो घेतला. आधी हात पुसले, मग तोंड.