सुटलेला जिताडा

आमच्याकडे बारसं असो नाहीतर साखरपुडा, जेवणं आटोपली की गोष्टी सांगायला मलाच बसवतात. बायको म्हणते, तुमच्या पोटात काही राहत नाही. राहतं. एक गोष्ट राहिली आहे—तिला माहीत नाही, कुणालाच नाही. तुम्हाला सांगतो. का, ते विचारू नका.

माझा हमरापूरला गणपतीचा कारखाना. सासरवाडी गडबची. माझा साडू सुरेश, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, रोह्याला कंपनीत. आमच्या भागात जावयाच्या पहिल्या दिवाळसणाला जिताडा मासा करतात, आणि जिताड्याचं डोकं जावयाच्या ताटात. तो मान. माझ्या दिवाळसणाला सासऱ्यांनी—आम्ही त्यांना मामा म्हणतो—डोकं माझ्या ताटात वाढलं. शेजारी बसलेल्या सुरेशनं ते सरळ उचलून आपल्याकडे घेतलं. "मूर्तीवाल्याला काय कळतंय डोक्यातलं? त्याला सोंड वाढा!"

सगळे हसले. मामा हसले. माझी नवी बायको पदर तोंडाला लावून हसली. आणि मी? मीही हसलो.

एका माशाच्या डोक्यासाठी माणूस वीस-बावीस वर्षं डूख धरतो का? धरतो. मी धरला. दर वर्षी गणपतीला रंग देताना कुठल्यातरी उंदराला सुरेशचं नाक काढायचो. तेवढीच माझी मर्दुमकी.

गेल्या साली मामांनी अंथरूण धरलं. पेजेवर आले होते. एक दिवस म्हणाले, "एकदा जिताडा खायचाय. तळ्यातला नाय हां, खाडीचा." मग सुरेशनं हिराजीची बोट ठरवली. हिराजी धरमतरच्या खाडीत हौशी लोकांना दिवसभर गळाच्या मासेमारीला नेतो. सुरेशनं मला फोन केला—"चल रे मूर्तीवाल्या, जाळं धरायला माणूस लागेल."

जाळं धरायला.

सकाळपासून गळ टाकून बसलो. सुरेश नव्या टोपीत, काळा चष्मा लावून, हिराजीलाच मासेमारी शिकवत होता. माझ्या गळाला एक शिंगाळी लागली आणि ओढताना माझीच चप्पल खाडीत गेली. त्यावर तो दुपारपर्यंत हसला. मग भरती चढायला लागली, आणि त्याचा रॉड वाकला.

काय मासा होता! पाण्याबाहेर उसळला तेव्हा रुप्याच्या परातीसारखा चमकला. हिराजी इंजिनापाशी ओरडला, "ढील द्या, सायेब! गालफडाला तंगूस लागू देऊ नका, कापंल!" गळाच्या त्या नायलॉनच्या दोरीला आमच्याकडे तंगूस म्हणतात, आणि जिताड्याची गालफडं पात्यासारखी धारदार. हळूहळू मासा बोटीला लागला. मासा उचलायचं दांड्याचं जाळं घेऊन मी वाकलो.

आता—इथं मी थांबतो आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

साच्यातून निघालेल्या मूर्तीची कड तासायची एक छोटी पाती माझ्या खिशात कायम असते. लोकांच्या खिशात कंगवा असतो तशी. एका हातात जाळं होतं. दुसरा हात जाळ्याआड, पाण्यात. मला घरी वाट बघणारे मामा आठवले का? आठवले. पण त्या क्षणी सुरेशचं तोंड दिसत होतं—जिंकल्यासारखं, उघडं. मी पाती तंगुसाला टेकवली. ओढावीसुद्धा लागली नाही.

सुरेश मागच्या मागं बुडावर आपटला. टोपी पाण्यात.

मग त्यानं हिराजीला आईबहिणीवरून शिव्या दिल्या. सडकं सामान, लुटारू, काय काय. हिराजी तुटलेलं टोक हातात घेऊन म्हणाला, "चूक माझीच, सायेब. तंगूस बदलायला पायजे व्हता." मी बोटीच्या काठावर बसून ऐकत होतो. पाती खिशात परत गेली होती.

गडबला मामींनी वाटण वाटून ठेवलं होतं. आमचे रिकामे हात बघून मामा म्हणाले, "असू दे. पुढच्या उधाणाला." पुढच्या उधाणापर्यंत ते राहिले नाहीत.

तेराव्याला सुरेश माझ्या शेजारी पानावर बसला होता. जेवत नव्हता. म्हणाला, "म्हाताऱ्यानं मला बजावलं होतं, या वेळी डोकं मूर्तीवाल्याच्या ताटात तू तुझ्या हातानं वाढायचं. लय दिवस मनात होतं त्यांच्या." नाक पुसलं. "माझ्यापण. त्या हिराजीनं घात केला बघ."

मी मान हलवली. हो म्हणालो.

सुरेशनं रोह्यात सगळ्यांना सांगितलं. तिकडचं कुणी आता हिराजीच्या बोटीत बसत नाही.

पाती अजून खिशात असते. आणि खरं सांगू? सुरेश बुडावर आपटलेला आठवला की—आधी मला गोडच वाटतं. मामा त्यानंतर आठवतात.