चार नवे प्लग

मला अजून राग येतो. वर्ष होत आलं, तरी त्या सर्व्हिस सेंटरच्या काचेच्या दारावरून जाताना माझे हात स्टिअरिंगवर आवळले जातात. लोक सांगतात, सोडून द्या आता. मी सोडलेलं नाही.

माझी गाडी लाल आहे, दिसायला साधी. आत टर्बो इंजिन आहे आणि आधीच्या मालकानं त्याची ताकद कंपनीनं दिली होती त्याहून वाढवून घेतलेली आहे. अमरावतीच्या कॉलेजात गणित शिकवणाऱ्या बाईनं अशी गाडी कशाला घ्यावी, हे मला स्टाफरूमपासून सासरच्या लग्नांपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. मला जोरात पळणारी गाडी आवडते. याहून वेगळं कारण नाही.

अशा इंजिनात हवा दाबून भरलेली असते. त्या दाबात प्लगची ठिणगी उडणं कठीण असतं. प्लग झिजला की त्याच्या टोकाची बारीक फट वाढते, ठिणगीला जास्त लांब उडावं लागतं, आणि नेमका आपण जोर मागतो तेव्हाच ती चुकते. कंपनीच्या पुस्तकात चाळीस हजार किलोमीटरला प्लग बदला असं लिहिलंय. पण ते पुस्तक कंपनीच्या इंजिनासाठी आहे, ताकद वाढवलेल्या माझ्या इंजिनासाठी नाही. मी वीस हजाराला बदलायचं ठरवलं होतं.

ही सवय बाबांची. ते अकोल्याला एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. सगळा जन्म डिझेलच्या गाड्यांत गेला, प्लगशी संबंध फक्त स्वतःच्या स्कूटरपुरता. पण पट्टा असो की पाण्याचा पाइप, तो फाटायची वाट बघणं त्यांना सहन व्हायचं नाही. म्हणायचे, "गाडी रस्त्यात बंद पडली त मेकॅनिकचं काई जात नाई. साठ माणसं उनात उभी राह्यतात."

तर मी नागपूरहून चार नवे प्लग मागवले, गाडी सर्व्हिसिंगला नेली आणि प्लगचे डबे सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर ठेवले. गाड्यांची कामं लिहून घेणारा, गळ्यात ओळखपत्र घातलेला सल्लागार माझ्या मागे बघत होता.

"साहेब नाही आले का?"

"गाडी माझी आहे."

"मॅडम, प्लगले अजून लई टाइम हाये. गाडी त मस्त चालून राहिली."

"मस्त चालतेय तोवरच बदलायचेत."

तो हसला. त्याच्या शेजारचाही हसला. संध्याकाळी गाडी मिळाली, धुतलेली, चकचकीत. सोबतच्या कामाच्या कागदावर प्लग बदलल्याची खूण होती, खाली सह्या. प्लास्टिकच्या पिशवीत चार जुने प्लग त्यानं माझ्या हाती दिले, "हे तुमचे, पाहून घ्या." मी पाहिले नाहीत. पिशवी डिकीत टाकली आणि घरी आले. मी, जी पोरांना प्रत्येक पायरी तपासायला लावते.

पुढच्या रविवारी सकाळी नवरा आणि मी बाबांकडे निघालो. मूर्तिजापूरच्या पुढे एक कंटेनर ओलांडत होते. गाडी त्याच्या अर्ध्यावर आली असेल, तेवढ्यात समोर त्याच्याच लेनमधून उलट दिशेनं एक ट्रॅक्टर येताना दिसला. कंटेनरवाला काय करणार? तो माझ्या बाजूला वळायला लागला. मी पाय पूर्ण दाबला. एरवी ही गाडी अशा वेळी झेप घेते. त्या दिवशी तिला ठसके लागले. इंजिन गदगदलं, ताकद गेली, डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. डावीकडच्या खिडकीत, नवऱ्याच्या डोक्यापलीकडे, फक्त चाकं दिसत होती. मी ब्रेक मारला. मागच्यानंही मारला, हे आमचं नशीब. कंटेनर आमच्या पुढून हातभर अंतरावरून सरकून गेला.

एका धाब्यासमोर बाजूला गाडी उभी केली. नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला होता. थोड्या वेळानं तो म्हणाला, "जाऊ दे. वाचलो ना."

त्या चार शब्दांवर मी अशी ओरडले की धाब्यावरची माणसं वळून बघायला लागली.

तिथून अकोल्यापर्यंत हळूहळू गेलो. बाबा अंगणातच होते. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "प्लग तर मागच्याच आठवड्यात बदलले."

"जुने कोठी हायेत?"

मी डिकीतून पिशवी काढून दिली. बाबांनी चष्मा लावला, एकेक प्लग उन्हात धरला.

"हा तेलात भिजेल हाये. हा पांढरा फक्क. हे दोन काळे कोयशासारखे. एका इंजिनातून तीन तऱ्हेचे प्लग कसे निंघतीन वं माय?"

इंजिन थंड झाल्यावर आम्ही बॉनेट उघडलं. पाना मी लावला, बाबांचे हात आता थरथरतात. पहिला प्लग बाहेर आला तो झिजलेला, फट वाढलेली, माझाच जुना. बाकीचे तिन्ही तसेच. त्यांच्याशेजारी बाबांनी पिशवीतला एक ठेवला. तो जाडीलाच इतका वेगळा होता की माझ्या इंजिनाच्या भोकात शिरलाही नसता.

"हे तुह्या गाडीचे नोहोतच," बाबा म्हणाले. त्यांनी प्लग इतक्या हळू खाली ठेवला की त्यांना किती राग आलाय ते मला कळलं.

तेच जुने प्लग परत लावून आम्ही हळूहळू घरी आलो. सोमवारी मी रजा टाकली. सर्व्हिस सेंटरच्या आवारात ते पुन्हा काढले, मॅनेजरच्या टेबलावर आठही प्लग ओळीनं मांडले आणि काय झालं ते सांगितलं. तो ऐकत होता माझं, बघत होता माझ्या नवऱ्याकडे. "सर, मिसेसचा जरा गैरसमज झालेला दिसतो."

नवरा म्हणाला, "मला नका सांगू. मला प्लग कुठं असतो तेही माहीत नाही. तिच्याशी बोला." इतक्या वर्षांच्या संसारात तो मला कधी इतका आवडला नव्हता.

मग मॅनेजरनं सुस्कारा टाकून आतून मेकॅनिकला बोलावलं. पन्नाशीचा माणूस, केस पिकलेले, बोटांच्या रेषांत ग्रीस बसलेलं. "याच्याकडून राहून गेलं असेल मॅडम," मॅनेजर म्हणाला. आणि आदल्या दिवसापासून साठलेला माझा राग सगळाच्या सगळा त्या माणसावर गेला. "तुम्हाला लाज नाही वाटत? आम्ही मेलो असतो!" मी उभी राहून ओरडत होते. बाकीची गिऱ्हाइकं थांबून बघत होती.

त्यानं हात पुसले. "मले प्लग देल्लेच नाई मॅडम. त्या कागदावर माही सही नाई, पाहून घ्या."

"तू आत जा," मॅनेजर म्हणाला. तो गेला.

मी कागद पाहिला नाही. आधी प्लग पाहिले नव्हते, आता कागद. मॅनेजरनं माफी मागितली, खुर्ची दिली, चहा मागवला, नवे प्लग त्याच दिवशी माझ्या समोर बसवून दिले. मी जिंकल्यासारखी घरी आले.

दोनेक आठवड्यांनी दुसऱ्या कामासाठी तिथं गेले तर सल्लागार स्वतः उठून पुढे आला. "त्या मेकॅनिकले काढलं मॅडम. तुमच्या तक्रारीवरूनच." मला आवडेल असं काही देतोय, अशा आवाजात.

मी पार्किंगमध्ये येऊन गाडीच्या कप्प्यातला कागद काढला. मेकॅनिकच्या सहीच्या चौकोनात जी सही होती, तीच सल्लागाराच्या चौकोनात होती. इतके दिवस तो कागद माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर पडून होता. परत आत गेले, मॅनेजरपुढे कागद धरला. तो म्हणाला, "मॅडम, तुमचं काम झालं ना? मग आता कशाला ताणता?"

मेकॅनिकला शोधायला मला तीन दुपारी लागल्या. वलगाव रोडला एका टिनाच्या शेडखाली तो दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये कोपरा भाड्यानं घेऊन स्वतःची कामं करत होता. मला बघून त्यानं पाना खाली ठेवला नाही.

"मी माफी मागायला आलेय."

"मांगा."

मी मागितली. हात जोडून, आवाज न चढवता. त्यानं ऐकून घेतलं. असू द्या, होते असं, वगैरे काही म्हणाला नाही.

"साहेबाच्या टेबलाशी बसून चहा पेल्या तुमी," तो म्हणाला, "अन् लाज नाई का, हे मले इचारलं. बावीस वर्सं झाली मले या कामात. कोणी असं नव्हतं बोललं."

मग त्यानंच सांगितलं. त्या दिवशी एका मोठ्या माणसाची तशीच गाडी आली होती, त्याला घाई होती, सल्लागारानं माझे चार प्लग त्याच्या गाडीत बसवायला दिले. भंगारातले चार उचलून माझ्या पिशवीत घातले. माझ्या गाडीत पुढच्या सर्व्हिसिंगला नवे बसवून देऊ, बाईला काय कळतं, असं सल्लागार म्हणाला होता. "अडजस्ट केलं म्हणतात त्याले," तो म्हणाला.

"लिहून द्याल?"

त्यानं गॅरेजच्या वहीतला कागद फाडला, बॉनेटवर ठेवून सगळं लिहिलं आणि खाली मोठी, ठळक सही केली.

मी ग्राहक मंचात तक्रार घातली. सर्व्हिस सेंटरचं उत्तर मागच्या महिन्यात आलं. कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे प्लगचं अर्धंच आयुष्य संपलं होतं, सबब ग्राहकाचं कोणतंही नुकसान झालेलं नाही, असं त्यात आहे. शिवाय इंजिनात फेरफार केल्याबद्दल चूक माझीच. मी ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना हातातला पेन मोडला. ज्या माणसानं माझ्या कागदावर खोटी सही केली तो अजून त्याच काउंटरवर बसतो.

ते उत्तर घेऊन मी टिनाच्या शेडखाली गेले. तो एका जीपचे नट आवळत होता. मी उभ्याउभ्याच वाचून दाखवलं, रागानं अडखळत. अर्ध्या आयुष्याचं वाक्य आलं तसा तो मोठ्यानं हसला. मी त्याला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

"म्हंजे जुनेच प्लग होते, हे त्याईनंच लिहून देल्लं. केसची तारीख कधीची हाये?" त्यानं विचारलं.

मी सांगितली.

"येतो मी साक्षीले. सुट्टी मांगाले आता साहेब नाई माह्यावर." आणि तो पुन्हा जीपकडे वळला.