मंजूर म्हणायले ठेवलेली बाई

त्या दिवशी खोलीत कोण कोण होतं ते आधी सांगून टाकते, म्हणजे मंग कोणी म्हणू नये का म्हातारीनं मनानं रचलं. निलिमा मॅडम होत्या, आमच्या संस्थेच्या अध्यक्ष. घर त्यांचंच, धरमपेठेतलं. वसंतराव सर होते, सचिव, कॉलेजातून रिटायर झालेले. शैलाताई होत्या, मॅडमच्या नणंद. एक डॉक्टरसाहेब होते. अन् मी होती. उपाध्यक्ष.

हसू नका. बोर्डावर आहे माहं नाव, अध्यक्षाच्या खाली. पाहुणे आले का मॅडम मले पुढं करत, "या आमच्या उपाध्यक्ष, वस्तीतल्याच आहेत." पाहुणे हात जोडत. मी बी जोडे.

बैठकीत सगळे टेबलाभोवती. माहा मोढा, वेताचं बुटकं बसकं, स्वयंपाकघराच्या दाराजवळ. बोलणं रंगात आलं का मॅडम म्हणत, "मावशी, जरा चहाचं बघता का?" मी उठे. दर बैठकीले हेच. मले त्यात काही वाटत बी नव्हतं.

त्या दिवशी चहा घेऊन आली तं सर पेनाचं टोपण लावून राहिले होते. मी ट्रे ठेवला न विचारलं, "सर, काय ठरलं?"

"काही नाही हो मावशी, वेळेचं जरा."

"कोणती वेळ?"

शैलाताई म्हणाल्या, "मावशी, बिस्किटं राहिली. ती आणा ना. ठरलं ते ठरलं."

तं डॉक्टर म्हणे, "उपाध्यक्ष बिस्किटं विसरल्या! आता अविश्वास ठराव आणावा लागेल."

सगळे हसले. मॅडमच्या तं डोळ्यातून पाणी आलं. अन् मी बी हसली. बिस्किटं आणली. तोंडावरचं हसू तसंच ठेवून आणली.

आता पाळणाघराचं सांगते. वाडीले, अमरावती रोडच्या गोडाऊनच्या मागं आमच्या भाड्याच्या खोल्या. बाया गोडाऊनात माल निवडतात, पॅकिंग करतात. सकाळी जातात ते दिवे लागल्यावर येतात. गल्लीत दिवसभर ट्रक मागं-पुढं होत राहतात. ललिताचा गुड्डू असाच एका ट्रकच्या मागं खेळून राहिला होता. ड्रायव्हरले दिसला नाही. पोट्टं वाचलं, पण एक पाय गेला. तवा बायांनी गल्ली अडवली, बोंबाबोंब केली, पेपरात आलं, न मॅडम आपली संस्था घेऊन आल्या. पाळणाघराले खोली घेऊन दिली, खेळणे दिले. खरं ते खरं, मी खोटं बोलत नाही. सकाळपासून दिवे लागेपर्यंत पोट्टे सांभाळायले मले ठेवलं. आम्ही विणकर. उमरेडले घरात माग होता. माग बंद पडला, मंग घरधनी वारले, तवा मी वाडीले आली होती. मले बी काम भेटलं.

तं बैठकीनंतर दोन-चार दिवसांनी पाळणाघरावर नवा बोर्ड लागला. बालसंस्कार वर्ग. वेळ दहा ते एक.

सरांले फोन केला. ते म्हणे, "मावशी, देणगी देणारे सकाळी येतात. त्यांना काय दाखवायचं? झोपलेली मुलं? गाणी म्हणताना दिसली पाहिजेत ना."

संध्याकाळी ललिता माह्या दारात. गुड्डू कडेवर. मोठा झाला आता, कडेवर मावत नाही, पण ती त्याले खाली सोडत नाही.

"मावशी, तू होती ना वं मीटिंगमध्ये?"

"होती."

"मंग बोलली काहून नाही?"

"मले माहीतच नव्हतं वं बाई."

"वा! उपाध्यक्ष होय का कोण होय तू? एक वाजल्यापासून याले काय पोत्यात बांधून ठेवू? बाकीचे पोट्टे ट्रक आला तं पळतीन. हा कसा पळन?"

म्हटलं, "एक वाजला का सगळ्यांले माह्या खोलीत पाठव."

दुसऱ्या दिवसापासून एक वाजला का पोट्टे माह्या खोलीत. खोली केवढी? एकाले धरलं तं दुसरं बाहेर. पोळी तव्यावर न ट्रकचं रिव्हर्सचं पींपीं वाजलं का मी बाहेर पळे. पोळी जळे. जेवायले बसली का उठे. पडली का उठे. अंगात जसं कोणी चक्कीच चालू करून दिली. बसवतच नाही. आता हे सांगून राहिली तं बी एकदा दार पाहून आली.

मंग पुढची बैठक आली.

बैठकीत आधी सर मागच्या बैठकीचं लिहिलेलं वाचतात. भराभरा वाचतात, पुस्तकातल्या भाषेत. शेवटी म्हणतात, "मंजूर?" सगळे म्हणतात, मंजूर. मी बी म्हणे. मले वाटे, आरतीनंतर जसे हात जोडतात तसं ते. एवढे वर्ष मी कशाकशाले मंजूर म्हटलं, देव जाणे.

त्या दिवशी म्हटलं, "सर, हळू वाचा."

सर थांबले. चष्म्यावरून पाह्यलं. हळू वाचलं. पाळणाघराची वेळ दहा ते एक करण्याचे सर्वानुमते ठरले.

"सर्वानुमते म्हणजे काय?"

"म्हणजे सगळ्यांच्या मतानं."

"माहं मत कोणी घेतलं?"

"मावशी, तुम्ही हजर होता ना."

"गॅसजवळ हजर होती."

कोणी हसलं नाही. मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "मावशी, आज काय झालंय तुम्हाला? थकलात का? चहा टाका बरं आधी, सगळ्यांनाच हवाय."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"चहा टाकत नाही. मंजूर बी म्हणत नाही. माहं नामंजूर लिहा."

मॅडमचा चेहरा असा झाला जसं घरातल्या भांड्यानं तोंड उघडलं. "मावशी, आम्ही तुम्हाला बरोबरीनं बसवलं, त्याचं हे?"

"मोढ्यावर बसवलं मॅडम. दाराजवळ."

मोढा धरून बसली. मंग गुड्डूचं सांगितलं, बाया कवा सुटतात ते सांगितलं. शैलाताई घड्याळ पाहून राहिल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, दहा ते एकच ठेवायचं का, मतं घ्या. हात वर झाले. डॉक्टरांचा बी झाला, डोळे मोबाईलात. माहा एकटीचा हात इकडे. हरली मी.

"माहा विरोध लिहा," म्हटलं.

"त्याची काही आवश्यकता नसते," सर म्हणे.

"लिहेपर्यंत मी उठत नाही."

सरांनी लिहिलं. मी ते वाचून घेतलं, दोनदा. मंग उठली.

फाटकाजवळ मॅडम मागून आल्या. हळू म्हणाल्या, "तुम्हाला त्रास होत असेल तर राजीनामा द्या, मावशी. सन्मानानं." जिले काही समजत नव्हतं ती त्याहिले चालत होती. समजायले लागली तं सन्मान आठवला.

राजीनामा दिला नाही. देणार बी नाही. त्यापेक्षा सरांले विचारलं, संस्थेचं सभासद कोण होऊ शकते? ते म्हणे, कोणीही. मंग आमच्या बायांले एवढे वर्ष कोणी काहून सांगितलं नाही? सर म्हणे, "कोणी विचारलंच नाही." आता विचारलं. ललिता झाली सभासद, तिच्या मागं गल्लीतल्या बाकीच्या झाल्या. मॅडमनं नाकारायले कारण शोधलं, सापडलं नाही.

आता वार्षिक सभा आहे, तिथं सगळ्या सभासदांचं मत मोजतात. आम्ही म्हटलं, वाडीले घ्या, बाया सुटल्यावर घ्या. मॅडम म्हणाल्या, तिकडे धूळ आहे, गाड्या लावायले जागा नाही. सभा त्याहिच्याच बंगल्यात ठेवली, भर दुपारी, कामाच्या दिवशी. ठीक आहे. बाया मजुरीचा दिवस पाडून येतीन. पोट्टे घेऊन येतीन, कारण एक वाजता त्याहिले ठेवायले जागा नाही, हे मॅडमनंच ठरवलं आहे. गालिच्यावर बसतीन पोट्टे. वेळेचा ठराव मी मांडीन. पडला तं पुढच्या सभेत मांडीन. त्याच्या पुढच्या सभेत बी. मी मेली तं ललिता मांडन, तिले सांगून ठेवलं आहे.

मले कोणाचे उपकार फेडायचे नाहीत. खोली दिली म्हणून आमची जीभ त्याहिच्याकडे गहाण नाही.

तुम्ही वाचणारे शिकलेले आहात, कोणत्या ना कोणत्या कमिटीत असान. तुमच्या तिथं माह्यासारखी कोणी बसवून ठेवली असन, तं ठराव मांडायच्या आधी तो तिच्या बोलीत तिले सांगा. घाई करू नका. अन् ती नाही म्हणाली, तं तिचं नाही लिहून घ्या.