खिंडीच्या अलीकडे चार तास

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या ऑफिसात माझा पहिला दिवस होता. लिफ्टमध्ये मी फोनवर बायकोशी बोलत होतो, आणि शेजारी उभा असलेला माणूस फोन ठेवल्यावर म्हणाला, ‘‘डबा विसरलात वाटतं.’’ या देशात ऑफिसात ऐकलेलं ते पहिलं मराठी वाक्य. त्याला आता वीस वर्षं होत आली. तो माणूस माझा मित्र झाला. रीडिंगमध्ये आमची घरं दहा मिनिटांच्या अंतरावर. माझ्या आईचं आजारपण, त्याच्या मुलीचा जन्म, दोघांच्या सिटिझनशिपच्या परीक्षा, सगळं आम्ही एकत्रच पार केलं.

मोटरसायकलचं वेड दोघांनाही कॉलेजपासून होतं. पन्नाशी जवळ आल्यावर आम्ही इथलं बाइकचं लायसन्स काढायचं ठरवलं. भिजलेल्या मैदानावर प्लास्टिकचे शंकू मांडून घेतलेली ती परीक्षा तो पहिल्या फटक्यात पास झाला, मी तिसऱ्या. तेव्हापासून व्हिएतनामचं बोलणं सुरू होतं. उत्तरेकडचे घाट, चिनी सीमेलगतचे रस्ते. सुट्ट्या जुळल्या त्या जुलैत, म्हणजे तिकडच्या ऐन पावसाळ्यात. बायको म्हणाली, ‘‘पावसात कशाला?’’ मी म्हटलं, ‘‘आम्ही दोघं आहोत ना.’’

हनोईहून बसने वर गेलो आणि तिथल्या गावात दोन दीडशे सीसीच्या गाड्या भाड्याने घेतल्या. पहिले चार दिवस मी आयुष्यात विसरणार नाही असे होते. ढग रस्त्याच्या खालून जात. भातखाचरांतलं पाणी रस्ता ओलांडून पलीकडच्या खाचरात उतरे. गुडघ्यापर्यंतचे प्लास्टिकचे पोंचो घालून आम्ही भुतांसारखे फिरत होतो. तो पुढे, मी मागे. मी वळणांवर जपून चालवत असे. तो पुढच्या वळणावर थांबून वाट पाही आणि मी दिसलो की हात हलवी.

पाचव्या दिवशी सकाळी साडेसातला निघालो. एक मोठी खिंड ओलांडून पलीकडच्या गावी मुक्कामाला जायचं होतं. अकराच्या सुमारास, चढावर, वळणावर लाल चिखल पसरलेला होता. मी ब्रेक दाबला, दाबायला नको होता. गाडी आडवी झाली आणि माझा डावा पाय तिच्याखाली गेला. गुडघ्यात काहीतरी तुटल्याचं मला जाणवलं. आवाजच आला म्हणा ना.

तो लगेच मागे वळून आला. गाडी उचलली, मला धरून रस्त्याकडेच्या एका टपरीत नेलं. एक म्हातारी बाई तिथे उकडलेली कणसं विकत होती. फोनला रेंज नव्हती. तो माझ्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, ‘‘घाबरू नकोस. खिंडीत हॉटेलं आहेत, तिथे रेंज असेल. एखादी चारचाकी घेऊन येतो. अर्ध्या तासात आलोच.’’

‘‘लवकर ये रे,’’ मी म्हटलं.

तो गेला. मी घड्याळ बघत बसलो. अर्धा तास झाला, एक तास झाला. म्हातारीने माझ्या पायाखाली मक्याचं पोतं सरकवलं, गरम पाणी दिलं. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला. पाऊस ताडपत्रीवर असा आदळत होता की बोललो असतो तरी ऐकू आलं नसतं. दर थोड्या वेळाने ती रस्त्याकडे बघायची आणि माझ्याकडे वळून दोन बोटं दाखवायची. म्हणजे, दुसरा कुठे आहे? मी खिंडीकडे हात करून मान डोलवायचो. येतोय. तिने असं चार-पाच वेळा विचारलं असेल. प्रत्येक वेळी मी तिलाच धीर दिल्यासारखं हसलो. मग तिने विचारायचं सोडून दिलं, आणि तिच्या त्या न विचारण्याचा मला राग आला.

तीन वाजता तिने खिंडीकडून खाली येणारा कोबीचा ट्रक आडवला. ड्रायव्हरशी तावातावाने बोलली. दोघांनी मिळून मला केबिनमध्ये चढवलं. सकाळी सोडलेल्या गावातल्या दवाखान्यात मी संध्याकाळी पोचलो. तिथे रेंज आल्यावर त्याला मेसेज केला. उत्तर लगेच आलं. ‘‘दरड कोसळली. पलीकडे अडकलोय. उद्या काहीही करून येतो.’’

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला तेव्हा कमरेपर्यंत चिखलाने माखला होता. मला मिठी मारून रडला. ‘‘वेड लागायची पाळी आली होती,’’ म्हणाला. मीच त्याची पाठ थोपटली. लिगामेंट फाटलं होतं, माझी ट्रिप संपली होती. तो माझ्याबरोबर परत यायला निघाला होता. मीच म्हटलं, तू पूर्ण कर, एकाची तरी होऊ दे.

हीथ्रोला व्हीलचेअरवरून बाहेर आलो, तर बायकोचा पहिला प्रश्न होता, ‘‘चार तास तो होता कुठे?’’ मी चिडलो. दरड म्हणजे काय ते तुला माहीत नाही, म्हणालो. त्यानंतर तिने विषय काढला नाही. तो परत आल्यावर मला रोज गाडीतून ऑफिसला नेऊ लागला. कुबड्या मागे ठेवायचा, दार उघडून धरायचा. पाय लवकर बरा व्हावा म्हणून त्याच्या बायकोने सूप पाठवलं. असा मित्र मिळायला नशीब लागतं, असं मी अनेकांना सांगितलं.

सप्टेंबरात इथल्या मराठी मंडळाचा गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये बसला. आरती झाली, जेवणं झाली आणि कोणीतरी म्हणालं, व्हिएतनामचा व्हिडिओ दाखवा. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात त्याने सगळं टिपलं होतं आणि त्याच्या मुलीने ते जुळवलं होतं. ती युनिव्हर्सिटीत शिकते. माझ्याजवळ येऊन म्हणाली, ‘‘काका, मी खूप मेहनत केला आहे. प्रत्येक क्लिपचा टाइम पण टाकला, तुम्हाला कळेल कधी काय झाला.’’

खरंच टाकला होता. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात दिवस आणि वेळ. पाचवा दिवस सुरू झाला. पडद्याशेजारी माइक हातात घेऊन तो सांगत होता, ‘‘इथे माझा मित्र पडला. मी मदतीसाठी पुढे गेलो. फार कठीण दिवस होता तो.’’ लोक माझ्याकडे वळून बघू लागले, कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मीही हात वर केला.

पडद्यावर अकरा बावन्न. खिंडीचा माथा. ऊन पडलं होतं. चार परदेशी बाइकवाले, हातात कॉफी, कुणीतरी विनोद केला आणि कॅमेरा हसण्याने हलला. बारा चाळीस. सगळे मिळून पलीकडे उतरतायत. रस्ता ओला होता, पण लांबवर मोकळा. समोरून, म्हणजे माझ्या दिशेने, एक पांढरी व्हॅन गेली. मग दोन ट्रक. सव्वादोन. खोल दरीत हिरवी नदी, सगळे रेलिंगला टेकून उभे. तीन वाजता नूडल्सचे वाफाळलेले वाडगे. गाणं फार छान निवडलं होतं तिने.

कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलं असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण सकाळी हॉटेलातून निघतानाची क्लिप साडेसातचीच होती आणि तिच्यात मी होतो, पोंचोची गाठ मारत. दरड कुठेच नव्हती. मुलीने कापली असेल, असंही मनात आलं. वडिलांवर कोसळता कोसळता राहिलेली दरड कोणती मुलगी कापेल?

बायको माझ्या शेजारी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. फक्त माझ्या कुबड्या स्वतःकडे ओढून घेतल्या, निघायचं म्हणून.

सोमवारी तो नेहमीप्रमाणे न्यायला आला. रीडिंग मागे पडल्यावर मी विचारलं, ‘‘दरड कोसळली नव्हती ना?’’

त्याने लेन बदलली, परत पहिल्या लेनमध्ये आला. मग म्हणाला, ‘‘नाही.’’

‘‘मग?’’

‘‘वर ती मंडळी भेटली. मी सांगणारच होतो त्यांना. त्यांनी विचारलं, एकटाच आलायस का? आणि मी हो म्हणालो.’’

‘‘हो म्हणालास?’’

‘‘तोंडातून गेलं. एकदा हो म्हटल्यावर मग कसं सांगणार, की खाली मित्र पडलाय? वाटलं, पाच मिनिटं थांबू, मग वळू. मग ते निघाले.’’ त्याने आरशात पाहिलं. ‘‘चार दिवस मी प्रत्येक वळणावर तुझ्यासाठी थांबत होतो रे. मला एक दिवस नीट चालवायची होती. तुला इतकं लागलं असेल असं वाटलं नाही.’’

‘‘मला उभं राहता येत नव्हतं. तूच उचलून नेलंस.’’

शिव्या द्यायच्या असं मी रात्रभर ठरवलं होतं, पण मला वेगळंच काहीतरी बोचत होतं. तो मला विसरला असता, तर मी माफ केलं असतं. पण कुणीतरी माझ्याबद्दल सरळ विचारलं होतं, आणि त्याने मी नाहीच असं सांगितलं होतं. त्याच वेळी मी एका अनोळखी म्हातारीला तो येतोय म्हणून सांगत होतो.

‘‘रोज न्यायला येत होतास ते यासाठीच?’’ मी विचारलं.

‘‘सुरुवातीला,’’ तो म्हणाला.

ऑफिसच्या पार्किंगमध्ये त्याने सवयीने कुबड्या काढून दिल्या. मी त्या घेतल्या, दुसऱ्या कशाने चालणार होतो? उद्यापासून येऊ नकोस, एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून मी ट्रेनने जाऊ लागलो. ब्रॅकनेल स्टेशनच्या जिन्यावर पहिले काही आठवडे वेळ लागायचा, मग लागेनासा झाला.

त्याच आठवड्यात त्याच्या मुलीने मला व्हिडिओची लिंक पाठवली. खाली लिहिलं होतं, ‘‘काका, तुम्हाला आवडला का? बाबा काही बोलत नाही.’’ मी दोन दिवस तो मेसेज उघडून बंद करत राहिलो. शेवटी लिहिलं, फार छान झालाय. तिने तीन बदाम पाठवले.

आता आम्ही मंडळाच्या कार्यक्रमात भेटतो, कसा आहेस विचारतो. त्याने मित्राला घाटात कसं वाचवलं, ते लोक अजून सांगतात, कधी कधी माझ्याचसमोर. तो खाली बघतो. मीही काही बोलत नाही. सांगायला गेलो तर म्हातारीचं ते दोन बोटं दाखवणंही सांगावं लागेल, आणि मी तिला दिलेलं उत्तरही.