सहाणेवर घासलेला तरवड

नशिराबादजवळ महामार्गाच्या कडेला तरवडाची रांग होती. कमरेएवढी झुडपे, पिवळी फुले, चपट्या शेंगा. ती कोणी लावली नव्हती, त्यांना पाणीही कोणी घातले नव्हते. नवरात्रात आईच्या घटावरची पहिली माळ त्याच फुलांची असे. रस्ता रुंद करण्यासाठी एका हिवाळ्यात तिथे यंत्र येणार, असे कळले तेव्हा मी जाऊन वाळलेल्या शेंगा तोडून आणल्या. चाळीस बिया निघाल्या. पुढच्या आठवड्यात रांग गेली.

चैत्रात मी बिया पिशव्यांत लावल्या आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घालू लागले. आम्ही मूळचे फैजपूरचे, केळीवाले. माती कोरडी दिसली की आमच्या घरात कोणालाही चैन पडत नाही. जळगावात राहायला येऊन बरीच वर्षे झाली, तरी ती सवय सुटलेली नाही. पाचव्या दिवसापासून मी बोटाने माती उकरून पाहू लागले. बी तसेच, चकचकीत, शेंगेतून आत्ताच काढल्यासारखे. पुन्हा पुरायचे. संध्याकाळी पुन्हा उकरायचे.

"रोज उकरशी, ते उगी कसं?" आई म्हणाली.

दोन बियांना मोड आला होता. ते दोन्ही माझ्याच नखाने तुटले.

महिनाभराने मी नशिराबादला गेले. एखादे झुडूप मागे राहिले असेल, असे वाटत होते. राहिले नव्हते. त्या भागात शेळ्या चारणारे एक आबा भेटले. मी त्यांना पिशव्यांची आणि पाण्याची हकीकत सांगितली. ते हसले.

"पोरी, मन्ह्या शेळ्या बी याले तोंड लावतस नही, आन तू याले केळीनागत पानी पाजी राह्यनी?"

मग त्यांनी विचारले, "हाई झाड कोठे उगस, दखं का कधी?"

मी पाहिले नव्हते. इतकी वर्षे मी फक्त फुले तोडायला जात होते.

"गाडीवाटमा. चाकखाले शेंग रगडाई जास, मंग उगस."

घरी येऊन मी सगळ्या बिया उकरून काढल्या आणि ओट्याच्या फरशीवर घासू लागले. बी सटकत होते, बोटे सोलत होती. आईने देवघरातून चंदनाची सहाण आणून पुढे ठेवली. स्वतःही बसली. चंदन उगाळावे तसे एकेक बी चिमटीत धरून तिने घासले. तपकिरी कवचावर पांढरा ठिपका दिसला की थांबायचे. त्या दिवशी देवाला गंध लागले ते उशिरा. बिया रात्रभर पाण्यात ठेवल्या. सकाळी त्या फुगून दुप्पट झाल्या होत्या.

आठवड्याच्या आत बहुतेक सगळ्या उगवल्या. मग मी पुन्हा पाणी घालू लागले. कोवळे देठ मातीलगत काळे पडून आडवे होऊ लागले. आईने झारी उचलून माळ्यावर ठेवली, तोवर सहा रोपे उरली होती.

श्रावणात ती सहा रोपे नशिराबादला आबांच्या शेताच्या बांधावर लावली. "आते रोज इकडे ये नको," आबा म्हणाले. मी रोज गेले नाही. आठवड्यातून दोनदा भुसावळच्या बसने त्या रस्त्यावरून जात होते. खिडकीतून बांध दिसे, रोपे दिसत नसत. त्या नवरात्रात घटावर झेंडूची माळ चढली. माळ चढवून झाल्यावर आईने ती दोनदा सरळ केली.

यंदा सहापैकी तीन झाडे आहेत. घटस्थापनेच्या पहाटे मी बांधावर गेले. एकाच झाडाला फुले होती, अकरा. बसची वेळ झाली होती. मी भराभर तोडून रुमालात बांधली आणि निघाले.

आईने झेंडूच्या माळेत ती अकरा फुले मध्ये मध्ये ओवली. माळ घटावर चढली. तिने हात जोडले. मग माझ्याकडे वळली.

"बठ्ठा फुलं तोडी लयात का?"

हो, सगळी, मी म्हणाले.

"मंग शेंगा कशाले येतीन?"

मी आबांना फोन लावला. झाडावर काही राहिले आहे का ते जाऊन बघा, असे सांगितले. शेळ्या सोडल्यावर बघतो, म्हणाले. तासाभरात मी चार वेळा फोन केला. पाचव्यांदा त्यांनीच केला.

"शेंड्याले तीन कळ्या शेतस. आन ऐक, आते तू येऊ नको."

तोवर मी बसस्थानकावर पोहोचले होते. बस लागलेली होती. ती सुटेपर्यंत मी फलाटावर उभी राहिले, मग घरी परत आले.